वेढा घाला, पण एक वाट सोडा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

हल्ली पोलीस ट्रेनिंगवर काहीही वाचायला घ्या, चाणक्य आणि प्राचीन चीनचा युद्धनीतिकार सुन त्झू आलेच. पण बहुतेक जण शत्रूला ओळखा, स्वतःला ओळखा एवढ्यावरच थांबतात, आणि ते तर क्रिकेटच्या कोचलाही चालतं. पोलिसांच्या खऱ्या कामाची गोष्ट सुन त्झूच्या ग्रंथात सातव्या प्रकरणात आहे, वेढा घातला तर एक वाट मोकळी ठेवायची. दयेपोटी नाही हं! पळायला जागाच उरली नाही की सैनिक जिवावर उदार होऊन लढतात हे तोच पुढे अकराव्या प्रकरणात सांगतो, म्हणून स्वतःच्या सैन्याला हवं तर तसं अडकवा, समोरच्याला नको.

लंडन पोलिसांनी १ मे २००१ ला ऑक्सफर्ड सर्कस या चौकात नेमकं उलटं केलं. आदल्या वर्षीच्या मे डेला तोडफोड झालेली, त्यामुळे त्यांची धास्ती समजते, पण जमाव चारी बाजूंनी कोंडला तो जवळजवळ सात तास, वर पाऊस, थंडी, टॉयलेटची सोय नाही आणि आत नुसते आंदोलक नव्हते तर कामासाठी बाहेर पडलेले लोकही सापडले. एका आईला तान्ह्या बाळाला आणायला जायचं होतं, तिलाही सोडलं नाही. ती कोर्टात गेली, पण २००९ ला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च कोर्ट तेच होतं) आणि २०१२ ला युरोपियन मानवाधिकार कोर्टात, दोन्हीकडे पोलीसच जिंकले. कायद्यात बसलं म्हणून डाव शहाणपणाचा ठरत नाही, असं माझं तरी मत आहे.

आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ सांगतं की जमावाला आधी पांगायचा हुकूम द्या, तरी नाही पांगला तर बळ वापरा. आता गल्लीची दोन्ही तोंडं बॅरिकेडने बंद केल्यावर माणूस पांगणार कुठे? बंदोबस्ताच्या प्लॅनमध्ये माणसं किती, लाठ्या किती याच्या आधी बाहेर पडायचा रस्ता कुठला हे लिहिलेलं पाहिजे आणि ते रस्त्यावरच्या शेवटच्या हवालदारालाही माहीत पाहिजे.

बाकी सुन त्झू सगळाच उचलू नये. युद्ध म्हणजे फसवाफसवी हे त्याचं म्हणणं शत्रूसाठी होतं, पोलिसांसमोरचा माणूस उद्या त्याच चौकीत तक्रार द्यायला येणार असतो. लाऊडस्पीकरवरून या रस्त्याने जा सांगायचं आणि तिथेच पुढे धरायचं, असं एकदा केलं की पुढच्या मोर्चात त्या लाऊडस्पीकरचं कोण ऐकणार?

आपला एक वाचक,
मिरज