‘तुझे तू बघ’ म्हणणारे कोण होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुड फ्रायडेच्या उपासनेत येशूला तीस नाण्यांसाठी धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत हमखास झोडपला जातो. सोलापुरातल्या मराठी, तेलुगू, कन्नड कुठल्याही मंडळीत (चर्चमध्ये) जाऊन बसा, प्रवचनाचा साचा ओळखीचाच: अटकेच्या रात्री येशूला नाकारणाऱ्या पेत्राने पश्चात्ताप केला, यहूदा नुसता पस्तावला. आधाराला ग्रीक शब्द असतात. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात यहूदासाठी (२७:३) ‘मेटामेलोमाई’ (पस्तावणे) हे क्रियापद वापरले, ‘मेटानोएओ’ (मन पालटणे) नव्हे, असे सांगितले जाते.

हा पुरावा लंगडा आहे. बापाला आधी ‘जात नाही’ म्हणून मागाहून द्राक्षमळ्यात गेलेल्या मुलासाठी मत्तय २१:२९ मध्ये तेच क्रियापद आहे, आणि येशू त्या मुलाचीच बाजू घेतो. म्हणजे फरक शब्दात नाही. पस्तावल्यावर माणूस कुणाच्या दारात गेला, यात आहे.

यहूदाने काय केले ते नीट वाचावे. चूक ओळखली. निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केले, असे तोंडाने कबूल केले. तीस नाणी परत नेली. पापकबुलीत आपण मागतो ते बहुतेक सगळे झाले. पण ज्यांच्यापुढे झाले ते याजक म्हणाले, आम्हाला काय त्याचे, तुझे तू बघ. तिथून तो एकटा निघाला आणि त्याने जीव दिला. पेत्रही रडला, पण बाकीच्या शिष्यांना सोडून गेला नाही, म्हणून तर समुद्रकाठी सापडला. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो: पेत्र नाकारतो त्या अंगणात (१८:१८) आणि येशूने मासळी भाजली तिथे (२१:९). दुसऱ्या विस्तवापाशी ‘का नाकारलेस’ असा जाब नाही. माझ्यावर प्रीती करतोस काय, एवढेच तीनदा, आणि दर वेळी उत्तरावर काम सोपवलेले. हाच पेत्र पुढे अंत्युखियात पुन्हा घसरला, लोकांच्या भीतीने परजातीय बांधवांच्या पंगतीतून उठला (गलती २:११-१२). उपदेशात हे क्वचित येते. त्यामुळे एकदा वळलेला माणूस दुसऱ्या घसरणीला हाय खातो.

आता व्यवहाराचे. ‘मी मोठा पापी’ ही सर्वांत स्वस्त कबुली, कारण तिच्यात काहीच सांगितलेले नसते. ‘भिशीतले १०,००० मी खर्चले’ हे जड जाते, पण त्याचा निकाल लावता येतो. जुन्या करारातल्या गणना ५:७ प्रमाणे कबुली, मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे १२,०००. तेही ज्याचे त्याला, दानपेटीत नव्हे. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला तयार होता. एकरकमी जमत नसेल तर भिशीवाल्यांसमोर बसून हप्ता ठरवावा: आठवड्याला ५०० दिले तर २४ आठवडे. अपराधाला आकडा आणि शेवटची तारीख मिळाली की तो डोक्यावरून खाली उतरून कागदावर येतो. कबुली मात्र जेवढ्यांचा अपराध तेवढ्यांपुढेच. घरातली गोष्ट माईकवर ‘साक्ष’ म्हणून सांगितली की हलका होतो सांगणारा. मान खाली घालून बसावे लागते ते बायकोला.

दारूचे वेगळे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने रविवारी शपथ घेऊन एका झटक्यात सोडली, वर उपवास-प्रार्थना धरली, तर हातपाय थरथरणे, भ्रम, फिट्स येऊ शकतात. जिवावरही बेतते. मग लोक म्हणतात, याचा पश्चात्ताप खरा नव्हता. आधी सिव्हिलला न्यावे, डॉक्टरांच्या देखरेखीत सोडवावी. परीक्षेत नापास होणे किंवा धंदा बुडणे हे तर पापच नाही. त्यासाठी पोरांकडून पापक्षमेची प्रार्थना करून घेणे थांबवा. आणि कुणी मरणाची भाषा बोलू लागला तर वचन ऐकवण्याची ती वेळ नव्हे. त्याला एकटे सोडू नये, दवाखान्यात न्यावे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो.

राहिली मंडळीची गोष्ट. कुणी चुकीत सापडला की कमिटी त्याचे प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) बंद करते. ठराव लिहिला जातो, वाचला जातो. त्याला भेटायला कोण जाणार आणि ही बंदी कधी उठणार, हे त्यात सहसा नसते. करिंथच्या मंडळीने एका चुकलेल्याला शिक्षा केली तेव्हा प्रेषित पौलाने तिला लिहिले की एवढी पुरे, आता त्याला क्षमा करून धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल (२ करिंथ २:६-७). शिक्षेपाठोपाठ हेही पत्र लिहिले गेले होते. आपल्या ठरावाच्या कागदावर निदान दोन ओळी वाढवता येतील: दर आठवड्याला घरी जाणाऱ्याचे नाव आणि पुनर्विचाराची तारीख.

आपला,
मंडळीत उपदेशाचे काम करणारा एक वाचक,
सोलापूर