टॉप गिअर बघून जुनी गाडी घेऊ नका, बाबा

फोंडा

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

बाबा, ‘टॉप गिअर’ हा बीबीसीचा गाड्यांचा कार्यक्रम खुशाल बघा, पण सेकंडहँड गाडी पारखायला तो कामाचा नाही. एकेकाळी होता. 1977 साली बीबीसीच्या मिडलँड्स विभागात अँजेला रिपन आणि टॉम कॉयन अर्ध्या तासात रस्त्यावरची सुरक्षा आणि नव्या गाड्या यांवर बोलायचे. पुढे क्वेंटिन विल्सन जुन्या गाड्यांचं सांगायचा. पण त्याआधीच, 1988 मध्ये, सूत्रधार जेरेमी क्लार्कसन आला होता आणि टिंगल सुरू झाली होती. 2001 मध्ये कार्यक्रम बंद पडला, तेव्हा विल्सन मंडळींनी चॅनल फाइव्हवर ‘फिफ्थ गिअर’ काढला. सल्लाही त्यांच्याबरोबर गेला म्हणा.

2002 च्या ऑक्टोबरात क्लार्कसन आणि निर्माता अँडी विल्मन यांनी ‘टॉप गिअर’ तासाभराचा करून डन्सफोल्डच्या विमानतळावर नव्याने उभा केला. पहिल्या पर्वात जेसन डॉ हा जुन्या गाड्यांचा जाणकार होता. पुढच्या पर्वात त्याच्या जागी जेम्स मे आला. कार्यक्रम कुठे निघाला होता ते यावरूनच कळतं.

तुमच्या लाडक्या हायलक्सचा, म्हणजे टोयोटाच्या त्या जुन्या पिकअपचा, भाग 2003 चा. समुद्रात बुडवला, पेटवला, तरी चालू झाला. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही आणि त्या जुन्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक्स नसल्यात जमा. आजच्या गाडीत सीटखालीच वायरिंगचे जोड असतात. खारं पाणी शिरलं की काही महिन्यांनी ते हिरवे पडतात आणि एअरबॅगचा दिवा विझता विझत नाही.

मांद्र्याच्या खाऱ्या वाऱ्यात राहिलेली गाडी बघताना आधी स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या पत्र्याचे सांधे टॉर्चने बघा. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती बारीक तारेने मोकळी आहेत का पाहा. बुजली की पाणी दारात साठतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेर रंगाला फोड येईपर्यंत उशीर झालेला असतो. बुडाला ताजं काळं कोटिंग दिसलं तर जास्तच संशय घ्या. सीटबेल्ट पूर्ण ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात गेलेली. काळी नंबरपाटी उतरवून पांढरी लावलेली रेंट-अ-कॅब, म्हणजे आधी भाड्याने फिरलेली गाडी, नको, कितीही स्वस्त मिळो.

टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी चांगली असली तरी, बदलायचा खर्च धरूनच भाव करा. 2006 मध्ये ‘टॉप गिअर’चा सूत्रधार रिचर्ड हॅमंडची जेट गाडी उलटली तीही पुढचा टायर फुटून, ताशी सुमारे 460 किलोमीटरला.

बाकी 2015 नंतरचं नाही बघितलं तरी चालेल. क्लार्कसन, हॅमंड, मे ॲमेझॉनवर गेले, 2022 मध्ये नंतरचा सूत्रधार, क्रिकेटपटू फ्लिंटॉफ याचा चित्रीकरणात अपघात झाला आणि पुढच्या वर्षी बीबीसीने कार्यक्रम थांबवला.

आई, बाबा बोनेट उघडतील तेव्हा तू मागच्या सीटवर बसून बघ, गुडघे दुखतात का. आणि गाडी सकाळी, इंजिन गार असताना दाखवायला सांगा. आधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

तुमची,
मुक्ता