घर घे, पण आधी पाणी बघ

लातूर,
4 मे 2025

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू म्हणालीस, ‘आण्णा, तुम्हाला सगळीकडं लातूरच दिसतं,’ आणि ओवी रडतेय म्हणून फोन ठेवलास. ओवी रडत नव्हती, मागं गाणं म्हणत होती. ते असू दे. फोनवर माझा आवाज चढतो असं तुझी आई सांगते, म्हणून लिहितो आहे. संदीप फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवील. सावकाश वाच आणि निखिलरावांनाही दाखव.

आधी एक सांगतो. फिनिक्सबाहेरच्या बकाय गावात तू बघितलेलं घर आम्हाला आवडलं. व्हिडिओत तू स्वयंपाकघर दाखवलंस तेव्हा आई खुर्चीवरून उठून टीव्हीजवळ गेली. चार खोल्या, मागं अंगण, ओवीला वेगळी खोली. आमच्या क्वार्टरमध्ये तू पलंगाखाली ट्रंकेवर पुस्तकं मांडून अभ्यास केलास. ती पोर आता वाळवंटात चिपच्या कारखान्यात पांढरा झगा घालून काम करते आणि स्वतःच्या पगारावर घर घेते, हे मी पेन्शनर मंडळींना विचारलं नाही तरी सांगतो. लातूर पॅटर्नच्या गप्पा निघाल्या की तुझंच नाव पहिलं घेतो.

पाण्याचं या पत्रात बोलायचं नाही असं ठरवलं होतं. शहराचं चांगलं तेच लिहायचं होतं, आणि ते खरंच आहे. बफलोत होतीस तेव्हा नोव्हेंबर ते एप्रिल तुझ्या आवाजात काळोख असायचा. फिनिक्सला गेल्यापासून तू हसून बोलतेस. तिकडं घड्याळ पुढं-मागं करत नाहीत, त्यामुळं तुझे रात्रीचे नऊ म्हणजे आमचे सकाळचे साडेनऊ, बाराही महिने. आईची पूजा आणि तुझा फोन यांची गाठ कधी चुकत नाही. कामाला तोटा नाही. चिप बनवणारी टीएसएमसी आली, इंटेल आधीपासून शेजारच्या चँडलरला आहे, आणि बर्फ उपसायला फावडं लागत नाही. आम्ही आलो तेव्हा मार्चमध्ये संत्र्याचा मोहर होता. सकाळी सातला फिरायला निघालं की रस्ताभर वास. असं शहर आपल्या लेकीला मिळालं याचा आनंद मला आहे, हे आधी समजून घे.

त्या फिरण्यातच मला फिनिक्सच्या आर्केडिया भागातला तो म्हातारा भेटला. तुम्ही दोघं कामावर गेलात की मी कालव्याकाठी जायचो, ते तुला ठाऊक आहे. मी चाळीच्या गॅलरीत राहावं तसा कठड्याला टेकून उभा राहायचो आणि तू हसायचीस की आण्णा, अमेरिकेत येऊन कालवा काय बघता. त्या म्हाताऱ्यानं आवारातलं झाकण उघडलं आणि संत्र्याच्या झाडांखाली वीतभर पाणी पसरलं. त्याची पाळी होती! शहराच्या मध्यात, बंगल्याच्या अंगणात, उन्हाळ्यात दोन आठवड्यांनी पाण्याची पाळी. मला इंग्रजी जमेना, त्याला मराठी येईना, तरी आम्ही अर्धा तास पाण्यातच बोललो. किती वेळ गेट उघडायचं, शेजाऱ्याची वेळ कधी, सगळं हातानं. आयुष्यभर पाणी मागणीचे सात नंबरचे अर्ज तपासलेल्या माणसाला यापरता पाहुणचार कोणता?

नंतर घरी येऊन वाचत बसलो. त्या खोऱ्यात होहोकाम लोकांनी हजारेक वर्षं हातानं कालवे खणले, शेकडो मैलांचे. साधारण 1450 च्या सुमारास त्यांची वस्ती मोडली. पुढं आलेल्या शेतकऱ्यांनी त्यातल्याच काही जुन्या रेषांवर आपले कालवे काढले. 1903 साली जमीनमालकांनी आपल्या जमिनी तारण ठेवून सरकारी कर्जानं धरण बांधायला घेतलं, ते रूझवेल्ट धरण 1911 ला पुरं झालं. जमीन गहाण टाकून धरण बांधणारी माणसं! मी नोकरीत असतो तर हे पोस्टर करून कचेरीत लावलं असतं. त्या लाभक्षेत्रातल्या घरांना आजही सॉल्ट आणि व्हर्दे नद्यांचं पाणी मिळतं आणि त्या जमिनींचा हक्क जुना आहे.

बकाय त्या लाभक्षेत्राच्या बहुतेक बाहेर आहे. बघ, आलोच मी पाण्यावर.

आता आलोच आहे तर पुरतं बोलू दे. शहराचं दुसरं मोठं पाणी कोलोरॅडो नदीचं. लेक हवासूपासून टूसॉनपर्यंत 336 मैलांचा कालवा, 1973 ला काम सुरू, 1993 ला पूर्ण, वाटेत पंपानं एकूण 2,900 फुटांचा उपसा. एवढं काम बघून माझा ऊर भरून येतो. पण 1968 साली या कालव्याची मंजुरी मिळवताना अ‍ॅरिझोनानं एक अट मान्य केली, की टंचाई आली तर कॅलिफोर्नियाच्या आधी आमचा हिस्सा कापा. म्हणजे तो आपल्याकडचा टेलचा, कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी झाला. धरणात पाणी असतं तोवर त्याला फरक कळत नाही, आणि कमी पडलं की पहिली चारी त्याची कोरडी. 2021 च्या ऑगस्टमध्ये टंचाई जाहीर झाली. 2022 पासून अ‍ॅरिझोनाच्या कोलोरॅडोच्या हिश्शातून सुमारे 18 टक्के पाणी गेलं. पहिली झळ पिनल काउंटीतल्या शेतकऱ्यांना बसली, शहरांना नाही, हे मी मान्य करतो. पण धरणांचे आत्ताचे नियम 2026 अखेर संपतात, आणि पुढचं वाटप सात राज्यांत भांडून ठरायचं आहे. मुळात 1922 ला करार झाला तेव्हा ओल्या वर्षांचे आकडे धरून नदी वाटली गेली. नदीत नसलेलं पाणी कागदावर वाटलं, तर त्याचे वारस भांडणारच.

तू म्हणशील, शहरं कमी पाण्यात भागवायला शिकली आहेत. खरं आहे. सांडपाणी शुद्ध करून पालो व्हर्देच्या अणुभट्ट्या थंड करतात, नदी, तळं किंवा समुद्र शेजारी नसलेलं एवढं मोठं अणुवीज केंद्र दुसरं कुठं नाही. शेती सगळ्यात जास्त पाणी घेते, त्यात अल्फाल्फा, म्हणजे गुरांचा चारा, आणि काही चारा जहाजानं सौदीतल्या गायींसाठी जायचा. ते वाचून मी आईला म्हटलं, हा तर मांजराकाठचा ऊस. ती म्हणाली, ‘पोरीच्या घराचं बोला, ऊस राहू द्या.’

बरं, घराचं. बकायमध्ये 2000 साली साडेसहा हजार माणसं होती, 2020 ला एक्क्याण्णव हजार. वीस वर्षांत चौदा पट. एवढी वाढ आपल्या कुठल्या तालुक्यानं पाहिली नसेल. शेवटच्या रस्त्यापलीकडं वाळवंट, त्यापलीकडं पुढच्या वसाहतीचं फलक. माणसं जातात कारण घर परवडतं, जशी माणसं पुण्यात वाघोलीला जातात. परवडणं ही छोटी गोष्ट नाही, आणि तू पैसे साठवलेस ते कसे, मला ठाऊक आहे.

तू म्हणालीस, ‘आण्णा, 100 वर्षांच्या पाण्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय इथं प्लॉटच विकता येत नाही.’ 1980 चा तो कायदा मी वाचला. असा कायदा आपल्याकडं असता तर लातूरची निम्मी बोअर पडली नसती. पण 2023 च्या जानेवारीत राज्यानं तुमच्याच बाजूच्या हसायांपा खोऱ्याचा भूजलाचा हिशोब मांडला, तो जुळला नाही. जूनमध्ये तर फिनिक्स परिसरात केवळ भूजलावर नवी प्रमाणपत्रं देणं थांबवलं. तुझ्या वसाहतीचं प्रमाणपत्र आधीचं असेल तर ते कायम आहे, हे मला मान्य. माझा प्रश्न पुढचा आहे. काही वसाहती उपसलेलं पाणी जमिनीत परत भरणाऱ्या संस्थेच्या सभासद असतात. ते भरणं तुझ्या घराखालीच होईल असं नाही, दुसरीकडं झालं तरी चालतं, आणि त्याचा आकार घरमालकाच्या मालमत्ता कराच्या बिलात येतो. कोलोरॅडोचं पाणी महाग झालं की तो आकार वाढणार. हे एजंट सांगणार नाही, तू विचार.

आणि रिओ व्हर्दे फूटहिल्स. ती वसाहत नियमांच्या फटीतून झाली, तुझ्या घरासारखी नव्हे, मी दोन्ही एकत्र करत नाही. पण 1 जानेवारी 2023 ला शेजारच्या स्कॉट्सडेल शहरानं तिथलं टँकरचं पाणी बंद केलं, आणि लाखो डॉलरच्या घरांत माणसं संडासाला पावसाचं पाणी साठवू लागली. अमेरिकेत टँकर, मुक्ता! त्या रात्री मला झोप आली नाही.

मी भाषण देतो आहे, कळतंय. क्षमा कर. तू इंजिनियर, मी कालव्यावरचा माणूस. पण तुला 2016 आठवतं ना? एप्रिलमधलं तुझं लग्न. पत्रिका छापून झाल्या होत्या. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, आणि कार्यालयाच्या मालकानं हात जोडून सांगितलं, ‘साहेब, मांडव देतो, आचारी देतो, पाण्याचं तुमचं तुम्ही बघा.’ मी, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेताला पाणी सोडलं, मला माझ्या पोरीच्या पंगतीला पाणी देता आलं नाही. लग्न पुण्याला बापूकाकाच्या दारात झालं. उदगीरची आत्या पाय दुखतो म्हणून आली नाही, तिला तुझा मांडव बघायचा राहून गेला. आणि त्याच महिन्यात, 12 तारखेला पहाटे, मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी स्टेशनवर गेलो होतो. लोक टाळ्या वाजवत होते, फोटो काढत होते. मला वाजवता आल्या नाहीत. कृष्णेचं पाणी साडेतीनशे किलोमीटर रेल्वेनं येतं आणि मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडलेल्या. तेव्हा तू सासरी नवी होतीस, मी तुला यातलं काहीच सांगितलं नाही.

म्हणून मला सगळीकडं लातूर दिसतं. त्यात तुझा दोष नाही.

उन्हाचं थोडंसंच लिहितो. आपणही 43 अंशांत राहिलो, पण रात्री गच्चीवर वारा असायचा. तिथं 2023 च्या उन्हाळ्यात 31 दिवस सलग पारा 43 च्या वर होता, आणि ओळीनं सोळा रात्री 32 च्या खाली उतरला नाही. डांबर आणि काँक्रीट दिवसाचं ऊन रात्री परत देतात. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्सच्या जिल्ह्यात, उन्हानं 645 माणसं गेली. बहुतेक उघड्यावरची, पण घरात गेलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी एसी होता, तो फक्त चालत नव्हता. तेव्हा मोठं घर घेशील तर वर-खाली दोन वेगळी यंत्रं आहेत का बघ, म्हणजे एक बंद पडलं तर ओवीला घेऊन दुसरीकडं बसता येईल. तिला दुपारी घसरगुंडीवर सोडू नकोस, अनवाणी तर नकोच. आणि निखिलरावांचा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर डॉक्टरांना ‘व्हॅली फीव्हर’ असं नाव घेऊन विचारा. तिथल्या मातीतल्या बुरशीनं होतो, आणि जिथं नवी बांधकामं तिथं धूळ जास्त.

आता मागणं. फिनिक्सला लागून असलेल्या ग्लेनडेलचं जे जुनं घर तू पहिल्यांदा दाखवलं होतंस, ते पुन्हा एकदा बघून ये. लहान आहे, न्हाणीघराच्या फरशा जुन्या, निखिलरावांना गॅरेज अरुंद वाटलं. पण ते अ‍ॅरिझोना कालव्याच्या खालच्या अंगाला आहे, मी नकाशात बघितलं. त्या पत्त्याला सॉल्ट नदीच्या पाण्याचा हक्क आहे का, हे पत्ता सांगितला की कळतं. तुझा कारखानाही तिथून जवळ. मोठ्या खोलीपेक्षा नळाची खात्री, एवढंच मी म्हणेन. तुझ्या लहानपणी स्कूटरवर पुढं उभी राहून तू कालव्यावर यायचीस आणि गेजची पट्टी माझ्याआधी वाचायचीस, ‘आण्णा, दोन बोटं उतरलं.’ तीच नजर इथं लाव.

आणि तरी बकायच घ्यायचं ठरलं, तर घ्या. मी वास्तुशांतीला येईन आणि पाण्याचं तोंडातून काढणार नाही, आईनं शपथ घातली आहे. फक्त सही करण्याआधी वसाहतीचा जो जाहीर अहवाल बिल्डरला द्यावाच लागतो, त्यातलं पाण्याचं पान आणि जुन्या मालकाचं किंवा शेजाऱ्याचं कराचं बिल मला पाठव. मी चष्मा लावून वाचीन, संदीपकडून अर्थ लावून घेईन, आणि दोन दिवसांत कळवीन. एवढं काम मला दे.

आई मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पाठवते आहे, सोलापूरच्या देशपांड्यांचा मुलगा 20 तारखेला निघतो. काळा मसाला मागच्या वेळी ओला झाला म्हणतेस, तो यंदा डब्यात दुहेरी पिशवीत आहे. ओवीला पाढे मराठीतून म्हणायला लाव, बेपर्यंत आले तरी पुष्कळ.

तुझे,
आण्णा

ता. क. डाउन पेमेंटला कमी पडत असेल तर निलंग्याच्या जमिनीचं मी बापूशी बोललो आहे. नाही म्हणू नकोस, आधी ग्लेनडेलचं घर बघून ये आणि मग फोन कर.