खांदेबदल शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायाम ॲपमधील धोकादायक चुकांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग व वैद्यकीय सल्लागार

विषय : पहिल्या १२ आठवड्यांचा व्यायाम कार्यक्रम तातडीने थांबवून दुरुस्त करण्याबाबत

महोदय / महोदया,

खांद्याचा सांधा बदललेल्या रुग्णांना घरच्या घरी व्यायाम करता यावेत म्हणून आम्ही फिजिओथेरपिस्ट आपले ॲप वापरतो. सोबतचा संचही (दंडावर बांधायचा सेन्सर, दारावर अडकवायची पुली, रबरी बँड) विकत घेतला आहे. ॲपमधला आवाज स्पष्ट आहे, व्हिडिओ नीट दिसतात, त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण पहिल्या सहा आठवड्यांत ज्या हालचाली मुळीच करायच्या नसतात, त्याच हे ॲप रुग्णाकडून करून घेते आणि केल्या की शाबासकी देते. म्हणून हे पत्र.

सुरुवात सेन्सरच्या जुळवणीपासूनच होते. पडद्यावर सूचना येते : सरळ उभे राहा, दोन्ही हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचला, ५ सेकंद स्थिर धरा. टाकेही न निघालेल्या, स्लिंगमध्ये हात असलेल्या माणसाने स्वतःच्या ताकदीवर दंड ९० अंशांपर्यंत उचलायचा! ही पायरी वगळायला बटण नाही, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय पहिला व्यायाम उघडत नाही. याची गरजच नाही. रुग्ण उताणा झोपला, कोपराखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला आणि दंड शरीरालगत टेकवला, की गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून सेन्सरचा शून्य ठरवता येतो. टॉवेल सांगतो तो यासाठी, की त्याशिवाय कोपर धडाच्या रेषेच्या मागे पडते आणि शिवलेल्या पुढच्या भागावर ताण येतो. आपल्या एकाही व्हिडिओतल्या झोपलेल्या माणसाच्या कोपराखाली टॉवेल किंवा उशी नाही.

दुसरी चूक याहून मोठी. नोंदणी करताना ॲप वय विचारते, उंची विचारते, डावा की उजवा हात विचारते, पण शस्त्रक्रिया कोणती झाली हे विचारत नाही. नेहमीच्या, म्हणजे ॲनाटॉमिक सांधेबदलात खांद्याच्या पुढचा सबस्कॅप्युलॅरिस हा स्नायू सहसा हाडापासून सोडवून सांधा बसवतात आणि शेवटी तो पुन्हा शिवतात. ती शिवण धरेपर्यंत हात बाहेरच्या बाजूला वळवण्यावर मर्यादा असते, बहुतेक वेळा ३० अंशांच्या आसपास. नेमका आकडा सर्जन टेबलावरच शिवण किती ताणली जाते ते पाहून ठरवतात. जोर लावून हात आत वळवणे किंवा त्या हातावर भार देऊन खुर्चीतून उठणेही बंद असते. रिव्हर्स सांधेबदलात गोळा खांद्याच्या पात्याच्या बाजूला आणि वाटी दंडाच्या हाडावर बसते, आणि हात उचलण्याचे काम मुख्यतः खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू करतो. तिथे मोठी भीती सांधा निखळण्याची. हात मागे नेणे, शरीराला चिकटवणे आणि आत वळवणे या तीन हालचाली एकत्र आल्या की धोका सर्वांत जास्त, म्हणजे शर्ट पाठीमागे खोचताना होते नेमकी तीच हालचाल. आपल्या कार्यक्रमात पाचव्या आठवड्यात ‘पाठीमागे टॉवेल ओढणे’ हा व्यायाम सरसकट सगळ्यांना दिला आहे. तो त्या आठवड्यात दोन्हींपैकी एकाही शस्त्रक्रियेला चालत नाही.

आता ज्या गोष्टीने आम्हाला सर्वांत जास्त काळजीत टाकले ती. हात बाहेर वळवण्याच्या व्यायामात ॲप कालचा आकडा दाखवते आणि आज त्याहून ५ अंश जास्त करायला सांगते. २८ चे ३३ झाले की तारा मिळतो, सलग सात दिवस वाढ झाली की पदक. पहिल्या सहा आठवड्यांत मर्यादेचा आकडा गाठायचा नसतो, त्याच्या अलीकडे थांबायचे असते. शिवण उसवली तर काय दिसते, याचा विचार आपल्याकडे कुणी केला आहे का? हात एकाएकी पूर्वीपेक्षा जास्त बाहेर वळू लागतो, आणि तळहाताने पोट दाबताना जोर लागत नाही, कोपर मागे पडते. म्हणजे ज्या दिवशी रुग्णाने सर्जनकडे धाव घ्यायला हवी, त्या दिवशी आपले ॲप त्याला ‘आजवरची सर्वोत्तम कामगिरी’ म्हणून दाखवील.

शिवाय ॲप दाखवते तो आकडाच भरवशाचा नाही. हा व्यायाम ॲप उभ्याने करून घेते. उभे असताना दंड लोंबता असतो, त्यामुळे त्याचे वळणे उभ्या अक्षाभोवती होते, आणि उभ्या अक्षाभोवतीचे वळण सेन्सरमधल्या ॲक्सेलरोमीटरला (गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणाऱ्या भागाला) कळतच नाही. मग उरतो जायरोस्कोप (वळण्याचा वेग मोजणारा भाग), ज्याचे वाचन वेळेबरोबर सरकत जाते. पाय न हलवता नुसते धड वळवून पाहा, आकडा वाढतो. त्यात सेन्सर दंडाच्या कातडीवर बांधलेला. आतले हाड जितके वळते तितकी कातडी वळत नाही. कॅमेऱ्याचा पर्यायही तसाच फसवा. कोपर ९० अंशांत वाकवून समोर उभे राहिले की पुढचा हात (कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग) थेट लेन्सकडे रोखलेला असतो आणि त्याची लांबी चित्रात जवळजवळ दिसतच नाही. उपाय साधा आहे. रुग्णाला उताणे झोपवा, कोपर वाकवून पुढचा हात छताकडे, आणि सेन्सर मनगटाजवळ बांधा. आता वळण्याचा अक्ष आडवा झाला, गुरुत्वाकर्षणाचा आधार मिळाला, आणि पाठ गादीला टेकलेली असल्याने धड वळवून फसवणेही अवघड झाले. हात वर उचलण्याच्या मोजणीतही खांदा कानाकडे उचलणे आणि कमरेतून मागे झुकणे वजा केले जात नाही. तेही झोपून मोजल्यास बरेच कमी होते.

आठवड्यांची गणती नोंदणीच्या तारखेपासून सुरू होते, हे आम्हाला उशिरा कळले. आपणच ‘शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी’ असा विभाग देता, त्यामुळे बरेच रुग्ण आधीच नोंदणी करतात. दोन आठवडे आधी नोंदणी केलेल्याला सहाव्या आठवड्याचे बँडचे व्यायाम शस्त्रक्रियेनंतर चौथ्याच आठवड्यात येतात. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली तर फरक आणखी वाढतो, आणि तारीख बदलायची सोय सेटिंगमध्ये नाही.

पुलीचा व्यायाम दुसऱ्या आठवड्यात ‘पूर्णपणे दुसऱ्याच्या जोराने’ या सदरात टाकला आहे. पुली ओढताना शस्त्रक्रियेचा हातही कळत-नकळत काम करतो, म्हणून ती साधारण सहा आठवड्यांनंतरची. लोलकाचा व्यायाम आहे, पण ‘मोठी वर्तुळे काढा, ३० वेळा’ अशा सूचनेसह. त्यात हात निपचित लोंबायला हवा आणि झोका कमरेतून यायला हवा. लहान वर्तुळे, एक ते दोन मिनिटे, पुरे. मुद्दाम मोठी वर्तुळे काढली की तेच स्नायू कामाला लागतात ज्यांना आपण विश्रांती देत आहोत. बोटे, मनगट आणि कोपर यांच्या हालचाली, ज्या पहिल्या दिवसापासून दर वेळी १०, दिवसातून चार-पाच वेळा करायला हव्यात, त्या मात्र ‘ऐच्छिक’ आहेत. संचात बँड लाल आणि हिरवा आहे, त्यांहून हलका पिवळा नाही.

दुखण्याबद्दल ॲप ० ते १० असा आकडा विचारते, पण ७ भरला तरी पुढचा व्यायाम उघडतो. चॅटमध्ये ‘खांद्याच्या वरच्या हाडावर बोट ठेवले की दुखते’ असे लिहिले असता ‘हे सामान्य आहे, सराव चालू ठेवा’ असे उत्तर आले. रिव्हर्स सांध्यानंतर नेमके तिथे, ॲक्रोमियनवर (खांद्याच्या वरच्या टोकाच्या हाडावर) किंवा पात्याच्या मागच्या आडव्या कण्यावर, डेल्टॉइडच्या ओढीने ताणाची फ्रॅक्चर होतात. व्यायाम थांबवून तपासणी हेच तिथे उत्तर. जखमेतून पाणी येणे, ताप, एकाएकी खट्कन आवाज होऊन हात न हलणे, दंडाच्या बाहेरच्या बाजूची बधिरता, पोटरी सुजणे, धाप लागणे, यांपैकी कशावरही ॲप थांबत नाही.

आपल्याकडून पुढील गोष्टी अपेक्षित आहेत. जुळवणीची हात उचलण्याची पायरी आणि पाठीमागे टॉवेल ओढण्याचा व्यायाम आजच बंद करावा, आणि सध्याच्या सर्व वापरकर्त्यांना तसा संदेश फोनवर पाठवावा. शस्त्रक्रियेचा प्रकार, तिची तारीख आणि सर्जनने दिलेल्या मर्यादा भरल्याशिवाय कार्यक्रम सुरू होऊ नये. त्या मर्यादा रुग्णाला बदलता येऊ नयेत, आणि हात त्यांच्या जवळ आला की ॲपने ‘थांबा’ म्हणावे. सहा आठवड्यांपर्यंत तारे व पदके फक्त नियमितपणासाठी द्यावीत, अंशांसाठी नकोत. हे होईपर्यंत आम्ही रुग्णांना ॲप बंद ठेवायला सांगून छापील तक्ता देत आहोत. त्या काळाचे सभासदत्व शुल्क परत करावे आणि पिवळा बँड विनामूल्य पाठवावा.

उत्तर लेखी द्यावे, आणि त्यावर आपल्या वैद्यकीय सल्लागारांचे नाव, पात्रता व सही असावी. ग्राहक सेवेचे ठरावीक उत्तर आम्ही स्वीकारणार नाही.

आपले,
सभासद फिजिओथेरपिस्ट

सोबत : जुळवणीच्या पायरीचे व चॅटमधील उत्तराचे स्क्रीनशॉट, धड वळवून आकडा वाढतो हे दाखवणारा व्हिडिओ, खरेदीची पावती.