फवारणीआधी चष्मा द्या

कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की अमळनेर-पारोळ्याकडच्या शेतांत हे हमखास दिसते. औषधाची बाटली हात लांब करून, उजेडाकडे धरून बारीक अक्षर वाचायची धडपड चालते. मिलीचा आकडा लागत नाही, मग झाकणाच्या अंदाजाने पंपात ओतले जाते.

चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग कडक होत जाते आणि जवळचे अंधुक दिसते. हे सगळ्यांनाच होते. पण 'चष्मा लावला की नंबर वाढतो' हा समज काही केल्या जात नाही. साठीपर्यंत नंबर वयाप्रमाणे वाढतोच, चष्मा लावा की नका लावू.

आठवडे बाजारातला तयार चष्माही डोळे बिघडवत नाही, वाचण्यापुरता चालतो. मात्र त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर, आणि विकणारा काही डोळ्यांचा दाब तपासत नाही. काचबिंदू, म्हणजे बहुधा डोळ्यांतला दाब वाढून हळूहळू नजर जाण्याचा आजार, सहसा दुखत नाही, म्हणून एकदा तरी नीट तपासणी हवी.

गावोगावच्या शिबिरांत सगळा भर मोतीबिंदूवर. तिथेच जवळचे वाचण्याचा अक्षरांचा तक्ता वाचून घ्यावा आणि लागलीच चष्मा हाती द्यावा. तोही उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी.

— एक वाचक, अमळनेर