‘नवीन’ टॅबलेट आधीच्या मालकाचा पॅटर्न मागतोय

कराड, जि. सातारा
11 ऑक्टोबर 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वापरलेला टॅबलेट नवा म्हणून विकल्याबद्दल आणि सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर खोटी नोंद केल्याबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, तुमच्या कंपनीच्याच वेबसाइटवरून आम्ही सिमकार्डवाला 11 इंची टॅबलेट मागवला. 18,999 रुपये आधीच भरले. बिल माझ्या पत्नीच्या नावावर आहे, कारण पैसे तिचे आहेत. ती बचत गटाची सचिव आहे. गटातल्या अकरा बायका दिवाळीचा फराळ करून विकतात आणि ऑर्डरी आजवर तिच्या फोनच्या एवढ्याशा पडद्यावर यायच्या. मोठ्या पडद्यावर यादी सगळ्यांना एकदम दिसेल, म्हणून तिनं हा खर्च केला. पत्र मी लिहितोय, पण खाली तिचीही सही आहे. त्यामुळे ‘ज्यांच्या नावावर बिल आहे त्यांनी संपर्क करावा’ हे उत्तर या वेळी पाठवू नका. एकदा येऊन गेलंय.

पार्सल 27 सप्टेंबरला आलं. लगेच फोडलं नाही. मी एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर होतो. खंडेनवमीला डेपोत गाड्यांची पूजा व्हायची, हार घातलेली गाडी घेऊन ड्यूटीवर जायचो. आता घरी पत्नीच्या हत्यारांची पूजा होते : चकलीचा सोऱ्या, वजनकाटा आणि पिशव्या चिकटवायचं मशीन. यंदा त्या रांगेत तुमचं खोकंही ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि दसऱ्याच्या सकाळी उघडलं. पाच दिवस खोकं का उघडलं नाही, असं तुमच्या माणसानं मला फोनवर जवळजवळ दरडावून विचारलं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

खोक्याच्या कडेला गोल सील होतं. त्याच्या बाजूनं, जरा सरकून, आधीच्या सीलच्या डिंकाचा अर्धा चंद्र दिसत होता. मला तो दिसला होता हे कबूल करतो. पण सणाचा दिवस, बायका जमलेल्या, मनात शंका आणावीशी वाटली नाही.

टॅबलेट चालू केला. भाषा मराठी निवडली. वायफायचा पासवर्ड घालताना इंग्रजी ओ की शून्य यात दहा मिनिटं गेली, ती चूक आमची. मग तो अपडेट शोधत बसला आणि त्यानंतर पडद्यावर नऊ ठिपके आले. हे डिव्हाइस रीसेट केलं आहे, पुढं जायचं तर आधीचा पॅटर्न काढा, अशा अर्थाची सूचना होती. पत्नीला वाटलं नवीन पॅटर्न ठरवायचा आहे. तिनं आपल्या फोनवरचाच काढला. चुकीचा. पुन्हा काढला. चुकीचा. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “अगं, आधीचा म्हणतोय. आधी कुठं होता हा?” सगळ्या हसल्या. खरा प्रश्न तोच होता हे आम्हाला संध्याकाळी कळलं.

पॅटर्नऐवजी गूगल खातं वापरायची सोय खाली होती. पत्नीचं खातं घातलं. हे खातं या डिव्हाइसवर आधी नव्हतं, म्हणून चालणार नाही, असं उत्तर आलं. माझं घातलं, तेच उत्तर. टॅबलेट बंद करून चालू केला. पुन्हा भाषा, पुन्हा वायफाय, पुन्हा ते नऊ ठिपके.

संध्याकाळी आमच्या पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या पोरानं पाहिल्या पाहिल्या सांगितलं, “काका, हा कुणीतरी वापरलेलाय.” त्यानं जे समजावलं ते तुमच्या हेल्पलाइनवर कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून लिहितो. अँड्रॉइडमध्ये 5.1 पासून, म्हणजे 2015 पासून, चोरीविरुद्ध एक कुलूप आहे. टॅबलेटवर गूगल खातं आणि स्क्रीन लॉक असताना कुणी पॉवर आणि आवाजाची बटणं दाबून बाहेरून तो पुसला, तर आतलं सगळं जातं, पण कुलूप राहतं. पुन्हा चालू करताना तो जुना लॉक नाहीतर जुनं खातं मागतो. मालकानं स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन, आपला लॉक घालून पुसला, तर कुलूपही निघतं. याचा अर्थ, आमच्या आधी कुणीतरी हा टॅबलेट सुरू केला, त्यात स्वतःचं खातं घातलं, पॅटर्न ठेवला आणि परत केला. नंतर तुमच्या गोदामात कुणीतरी घाईनं बटणं दाबून तो पुसला आणि नवं सील मारलं.

त्या कुलपाबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट त्यानं आपलं काम चोख केलं. ते नसतं तर आम्ही तो वापरलेला टॅबलेट नवा समजून वर्षानुवर्षं वापरला असता आणि तुम्हालाही काही लिहिलं नसतं.

पोरगा म्हणाला, पंधराशे रुपये द्या, बायपास करून देतो. मी नको म्हटलं. चोरीच्या मालाचं कुलूप जसं तोडतात, तसं स्वतःच्या पैशानं घेतलेल्या वस्तूचं कशाला तोडायचं?

रात्री मी तुमच्याच वेबसाइटवर खोक्यावरचा सीरियल नंबर टाकून वॉरंटी तपासली. वॉरंटी सुरू : 9 मार्च 2025. वॉरंटी संपणार : 8 मार्च 2026. आमचं बिल 22 सप्टेंबरचं आहे. म्हणजे आम्ही पैसे भरायच्या साडेसहा महिने आधीपासून हा टॅबलेट तुमच्याच वहीत विकलेला आहे. त्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे. आता ती नोंद बदलली, तरी फोटो आहे.

हेल्पलाइनला 2 ऑक्टोबरला संध्याकाळी सात वाजता फोन केला. मराठीचा पर्याय नव्हता, हिंदीत बोललो. पहिल्यानं टॅबलेट बंद करून चालू करायला सांगितलं. दुसऱ्यानं तेच सांगितलं. तिसऱ्या बाईंनी तक्रार नोंदवली, नंबर दिला आणि 72 तासांत तांत्रिक विभागाचा फोन येईल म्हणाल्या. मी मुद्दाम विचारलं, बदलून द्यायची मुदत सात दिवसांची आहे, ती 4 तारखेला संपते, त्याचं काय? म्हणाल्या, तक्रार मुदतीत नोंदलीय, काळजी करू नका. 5 तारखेला फोन आला. मुदत संपली आहे, आता सर्व्हिस सेंटरला जा, असं सांगण्यासाठी. ही युक्ती कुणी आखून केली असेल असं मी म्हणत नाही. पण ग्राहकाला तीन दिवस थांबवायचं आणि मग त्याच तीन दिवसांचं बोट दाखवायचं, हे योगायोगानंसुद्धा व्हायला नको होतं.

6 तारखेला कोल्हापूरला गेलो. महामार्गाचं सहापदरीचं काम चालू आहे, जायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. कंडक्टरनं मला ओळखलं, तो भाग वेगळा. सेंटरवरचा मुलगा बोलायला चांगला होता. “काका, लॉक झालाय. ज्या ईमेलनं आधी चालू केला तो सांगा.”

“आधी चालूच झाला नाही.”

“मग जुन्या मालकाला विचारा.”

“मालक मीच आहे. बिल बघा.”

त्यानं बिल पाहिलं, वॉरंटीची तारीख पाहिली आणि आत गेला. वीस मिनिटांनी जॉबशीट छापून आणली. तक्रारीच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं होतं : ग्राहक पासवर्ड विसरला. खाली माझी सही हवी होती.

मी सही केली नाही. या पत्राचं निम्मं कारण तो कागद आहे.

आमच्या नोकरीत वेबिल असायचं. कुठल्या थांब्यापर्यंत कितवं तिकीट गेलं, याचे आकडे त्यावर लिहायचे, आणि रस्त्यात कुठंही चेकर चढला की पहिलं वेबिल मागायचा. उतारूनं टाकून दिलेलं तिकीट उचलून दुसऱ्याला परत विकलं, तर तो अपहार. रक्कम किती हे कुणी विचारायचं नाही. सात रुपयांच्या तिकिटासाठी घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. काहींची कीव आली, पण नियम चुकीचा आहे असं एकदाही वाटलं नाही. तुमच्या गोदामानं एकदा फाडलेलं तिकीट आम्हाला दिलं आणि सर्व्हिस सेंटरनं वेबिलावर आमच्याच नावानं चूक लिहायला घेतली. सही केली असती, तर उद्या तुम्हीच तो कागद पुढं केला असता की बघा, ग्राहकानं मान्य केलंय.

मुलानं नोंद बदलायला नकार दिला, सिस्टीममध्ये दुसरा पर्यायच नाही म्हणाला. मला ते खरं वाटलं. यादीत ‘कंपनीनं वापरलेला माल दिला’ असा पर्याय कोण ठेवील? पण मग त्या जॉबशीटच्या मागच्या बाजूला मी हातानं हकीकत लिहिली, तारीख-वेळ घातली, त्याच्याकडून सेंटरचा शिक्का घेतला आणि फोटो काढला. टॅबलेट तिथं ठेवला नाही.

7 तारखेला तुमच्या ईमेलवर सगळं पाठवलं. ऑनलाइन विक्रीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली 2020 साली जे नियम झाले, त्यांत तक्रार निवारण अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात तक्रार सोडवावी असं आहे. आज चार दिवस झाले, पोच नाही. तुमच्या चॅटवरच्या यंत्राकडून मात्र ‘मी तुमची कशी मदत करू शकते’ असं तीनदा आलं.

कायद्याचं आणखी एक. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणजे काय ते दिलं आहे. जुना, वापरलेला किंवा दुरुस्त करून नवा केलेला माल नवा आहे असं खोटं भासवणं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे ‘रिटर्न पॉलिसी सात दिवसांची’ हे उत्तर इथं लागू होत नाही. सात दिवसांची मुदत नव्या टॅबलेटची. तो तुम्ही आम्हाला अजून दिलेलाच नाही.

आमची मागणी अशी. पूर्ण 18,999 रुपये परत करा, नाहीतर खरोखर नवा, ज्याची वॉरंटी आमच्या हातात पडेल त्या दिवसापासून सुरू होईल असा टॅबलेट द्या. कोल्हापूरला जाण्यायेण्याचा खर्च द्या, तिकिटं जोडली आहेत. जॉबशीटवरची ‘पासवर्ड विसरला’ ही नोंद लेखी रद्द करा. ती रद्द झाल्याशिवाय पैसे आले तरी तक्रार मिटली असं मी धरणार नाही. आणि मार्च महिन्यात ज्यांनी हा टॅबलेट घेतला होता त्यांना कळवा की त्यांच्या खात्याचं कुलूप अजून या टॅबलेटवर आहे. तेही तुमचेच ग्राहक आहेत. आपण परत केलेली वस्तू नीट न तपासता कुणाच्या देवघरासमोर जाऊन बसली, हे त्यांना माहीत असायला हवं.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत हे झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देऊ. ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगाकडं जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, हे दोन्ही विचारून घेतलं आहे. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. साताऱ्याला जायला मला वेळ आहे, आणि वय पासष्टच्या पुढं असल्यानं एसटीत तिकीट अर्धं लागतं.

टॅबलेट सध्या बंद करून त्याच खोक्यात ठेवला आहे. चार्जर, केबल, पुस्तिका सगळं आत आहे. खोक्यावरचं सील आणि आधीच्या सीलच्या डिंकाची खूण काढलेली नाही, त्यांचेही फोटो जोडले आहेत. तुमचा माणूस घ्यायला आला, तर त्याच्या समोर सीरियल नंबर लिहून, सही घेऊन देऊ.

आपले,
(दोघांच्या सह्या)

सोबत : बिल, पार्सलची पावती, वॉरंटीच्या पानाचा फोटो, नऊ ठिपक्यांच्या पडद्याचा फोटो, सीलचे आणि डिंकाच्या खुणेचे फोटो, जॉबशीट पुढून-मागून, एसटीची दोन तिकिटं.

ता. क. : पत्नी सांगते आहे ते तिच्याच शब्दांत लिहितो : “दिवाळीच्या ऑर्डरी मी पुन्हा वहीत घ्यायला लागलेय. 22 तारखेला पाडवा आहे, तोवर नवा आला तर घेईन. त्यानंतर मला टॅबलेट नको, पैसेच द्या. भाजणीचं दळण उधारीवर आणलंय.”