संकासुरदादा, मनापासून थँक्यू

कोकणातल्या दशावतारी नाटकात संकासुर राक्षसाचं काम करणाऱ्या दादांना नमस्कार,

तुमचं नाव मला माहीत नाही आणि तोंडही बघितलेलं नाही. तो काळा बुरखा आणि छातीपर्यंत लोंबणारी लाल जीभ एवढंच काय ते दर्शन, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितोय. दशावतारातलं कोणी वाचत असेल तर त्यांच्यापर्यंत पोचवा प्लीज.

गेल्या मोसमात आमच्या गावच्या जत्रेला तुमचं मंडळ आलेलं. आईला पॅरालिसिसचा झटका येऊन गेल्यापासून तिची जीभ जड झालीय. डोकं एकदम शाबूत, फक्त शब्द बाहेर यायला वेळ लागतो आणि तेवढी कळ काढायची कोणाची तयारी नसते. दवाखान्यात तर तिच्या डोक्यावरून मला विचारायचे, "यांना काय त्रास होतोय?" अहो समोर बसलीय ती, तिलाच विचारा ना! नातेवाईक तिचं वाक्य सुरू व्हायच्या आत स्वतःच पूर्ण करून मोकळे, तेही चुकीचं. त्यातल्याच एकाने जत्रेला नेतोय म्हटल्यावर "आता तिला काय कळणार त्यातलं" हे पण ऐकवलं. लहानपणापासून सिंधुदुर्गातल्या जत्रा पालथ्या घातलेल्या बाईला!

असो. आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, सुरू झाला, गणपती झाला, रिद्धीसिद्धी झाल्या, मोरावरची सरस्वती नाचून गेली, भटजीने हसवून घेतलं आणि मग ब्रह्मदेवाचे वेद चोरून तुम्ही आलात ते थेट लोकांत घुसलात. आईच्या खुर्चीपुढे बसकण मारलीत आणि विचारलंत, "गो आये, ह्ये वेद चोरून हाडलंय खरे, पण आता लपवू खंय? तो विष्णू माझ्या पाठी लागलो हा."

बाजूच्या काकी लगेच तिच्या वतीने बोलायला लागल्या. तुम्ही हात वर करून त्यांना गप्प केलंत, तोच इशारा मृदंगवाल्यालाही कळला, पायपेटीही थांबली. आणि तुम्ही नुसते तिच्याकडे बघत बसलात. मागून कोणीतरी "चला पुढे" म्हणून ओरडला तरी हललात नाही. आईचे ओठ नुसते हलत होते, माझा जीव टांगणीला लागलेला. मग आलं एकदाचं, "तांदळाच्या... डब्यात."

तुम्ही ताडकन उठलात. "म्हंजे तुझे पैशे पण थंयच आसत मगे!"

सगळी जत्रा हसली हो! तिला नाही हसली, तिच्या जोकला हसली. झटक्यानंतर आई एवढी खुलून हसलेली मी पहिल्यांदाच बघितली.

मला माहितीय, दशावताराला लिहिलेली संहिता नसते, सगळं आयत्या वेळचं. त्यामुळे तुम्हाला पटकन दुसरा कोणीतरी गाठून विनोद पुढे नेता आला असता आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नसतं. हशा पिकवणाऱ्याला शांतता किती जड जात असेल! ती तुम्ही एका अनोळखी म्हातारीसाठी ओढवून घेतलीत. काही लोक नाक मुरडतात ना, देवादिकांच्या गोष्टीत कसली ही टवाळी म्हणून, त्यांनी एकदा येऊन बघावं. शेवटी विष्णूच्या हातून मरणारा राक्षस तुम्ही, पण शिकलेल्या लोकांपेक्षा माणुसकी तुमच्यातच जास्त दिसली. चांगुलपणाला फार काही लागत नाही हो, पण तेवढंही कुठे मिळतं आजकाल.

पुढचं आख्यान आईने शेवटच्या दहीकाल्यापर्यंत टक्क जागून बघितलं, पेंगत मी होतो.

आणि हो, तिचा एक निरोप आहे, सांगायला बराच वेळ घेतला तिने पण पूर्ण सांगितला. तुमची ती लाल जीभ डाव्या बाजूने उसवलीय, त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू व्हायच्या आत तेवढे दोन टाके घालून घ्या.